फाइलवर 'मराठी' लिहा, मगच ती मराठीत वाचली जाईल

प्रति,
मा. सचिव, मराठी भाषा विभाग, महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई
तसेच राज्यातील शासकीय व निमशासकीय कार्यालयांचे संगणक कक्ष

विषय: मराठी, हिंदी आणि इंग्रजीत संगणकाला मजकूर सांगणे व त्याच्याकडून वाचून घेणे

महोदय/महोदया,

संगणकाला देवनागरी दिसते, मराठी दिसत नाही. या पत्रातले बाकी सगळे या एका गोष्टीतून निघते, म्हणून ती आधीच सांगून टाकतो. हिंदी, मराठी, कोकणी, नेपाळी, संस्कृत या साऱ्यांची अक्षरे युनिकोडच्या, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, एकाच खणात बसवलेली आहेत, यू+०९०० ते यू+०९७एफ. 'ही मराठी आहे' अशी नोंद फाइलमध्ये नसेल, तर वाचणारे सॉफ्टवेअर अंदाज बांधते आणि तो बहुधा हिंदीचा असतो. मग 'विज्ञान' चे 'विग्यान' होते, 'बाळ' चा 'बाल' होतो, २५ चे 'पच्चीस' होतात. वाचणारा आवाज इंग्रजी असेल तर तो पुष्कळदा देवनागरी ओळी चक्क गाळतो. दृष्टिहीन वाचकाला वाटते, पान कोरे आहे.

आम्ही दिवसभर संगणकाशी बोलणारे आणि त्याचे ऐकणारे लोक आहोत. कुणी स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, काम करतो, कुणाचे हात टंकलेखनाला साथ देत नाहीत, कुणी तीन भाषांतले अहवाल तोंडी सांगून तयार करतो. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला, त्यानंतर मराठीसाठी नवी साधने आणण्याची भाषा वाढली आहे. साधने जरूर यावीत. पण आज हाताशी असलेली साधनेसुद्धा ज्या कारणांनी अडतात, ती बहुतेक कारणे कागद तयार करणाऱ्याच्या टेबलावर आहेत आणि ती दूर करायला एक रुपयाही लागत नाही.

कायद्याचा आधार थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे कलम ४२ ध्वनी, छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला मजकूर सुलभ स्वरूपात असेल याची काळजी शासनाने घ्यावी असे सांगते. वेब सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत ३.१.१ हा निकष पानाच्या भाषेचा आहे आणि ३.१.२ पानातल्या परभाषी भागांचा. पहिला तर सर्वांत खालच्या, म्हणजे किमान पातळीवरचा निकष आहे.

आता ही नोंद करायची कुठे? वर्डमध्ये मजकूर निवडून 'रिव्ह्यू', मग 'लँग्वेज', मग 'सेट प्रूफिंग लँग्वेज' आणि यादीतून मराठी. तिथेच खाली 'डिटेक्ट लँग्वेज ऑटोमॅटिकली' अशी चौकट असते, तिच्यातली खूण काढावी. कार्यालयाचा लेटरहेड ज्या टेम्प्लेटमध्ये आहे त्यातच हे एकदा करून ठेवले, तर पुढच्या प्रत्येक पत्राला आपोआप लागते. लिबरऑफिसमध्ये 'टूल्स', 'ऑप्शन्स' आणि भाषांच्या पानावर 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' असा रकाना आहे. तिथे बऱ्याचदा मुळातच हिंदी भरलेली असते. आपण मराठी लिहीत राहतो आणि फाइल आतून 'मी हिंदी' म्हणत राहते. छापल्यावर फरक दिसत नाही, म्हणून ही गोष्ट वर्षानुवर्षे कुणाच्या लक्षात येत नाही.

संकेतस्थळावर पानाच्या अगदी पहिल्या टॅगमध्ये 'लँग' नावाचा गुणधर्म असतो, त्यात मराठीसाठी 'एम आर' ही दोन अक्षरे हवीत. नेहमीची चूक अशी: इंग्रजी पान आधी तयार होते, त्याची प्रत काढून मजकूर मराठी केला जातो आणि टॅग 'ई एन' च राहतो. भाषा बदलण्याचे बटण दाबले की शब्द बदलतात, टॅग बदलत नाही. पानाचा सोर्स उघडून पहिल्या दोन-चार ओळी बघितल्या तरी हे कळते.

मधला एखादा इंग्रजी किंवा हिंदी उतारा असेल तर तो वेगळा निवडून त्याला त्याची भाषा द्यावी. मात्र सुट्या शब्दांना असा भाषेचा टॅग लावत बसू नये. 'मीटिंग', 'मेल', 'पीडीएफ' हे शब्द मराठीत रुळलेले आहेत. निकषांतही विशेषनामांना, तांत्रिक संज्ञांना आणि अशा रुळलेल्या शब्दांना सूट आहे. प्रत्येक टॅगपाशी आवाज बदलतो, क्षणभर अडखळतो, आणि एका ओळीत पाच वेळा आवाज बदलला की ऐकणाऱ्याचे डोके उठते.

यानंतर पीडीएफ. इथे सर्वांत जास्त मजकूर वाया जातो. पीडीएफमधला देवनागरी उतारा कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. 'शासन निर्णय क्रमांक' च्या जागी 'शासन ननर्णय क्रमाांक' आणि 'विभाग' च्या जागी 'ववभाग' उमटले, तर ती फाइल डोळ्यांना ठीक आणि कानांना निकामी आहे. कारण सोपे आहे. 'नि' लिहिताना आपण आधी न आणि मग वेलांटी देतो, पण कागदावर वेलांटी आधी काढली जाते. पीडीएफ हा चित्र काढण्याचा क्रम जपते. कोणते चित्र म्हणजे कोणते अक्षर, याचा उलटा तक्ता फाइलमध्ये अर्धवट बसला की वेलांटीचा न होतो, अनुस्वाराला काना चिकटतो. स्क्रीन रीडर तेच 'ननर्णय' इमानाने वाचतो. शोध घेतला तर 'निर्णय' हा शब्द त्या फाइलमध्ये सापडतच नाही.

यातून सुटायचे तर 'प्रिंट' मध्ये जाऊन पीडीएफ काढणे आधी सोडावे. त्या वाटेने शीर्षके, तक्ते, भाषा यांची रचना गळून पडते. वर्डमध्ये 'सेव्ह अ‍ॅज' मधून पीडीएफ निवडून 'ऑप्शन्स' मधली 'डॉक्युमेंट स्ट्रक्चर टॅग्ज फॉर अ‍ॅक्सेसिबिलिटी' ही चौकट भरावी. लिबरऑफिसमध्ये 'एक्स्पोर्ट अ‍ॅज पीडीएफ' मध्ये 'टॅग्ड पीडीएफ' निवडावे. तरीही अक्षरे फुटली तर फाँट बदलून पाहावा. एका फाँटमध्ये फुटणारा मजकूर दुसऱ्यात नीट निघतो. आणि पीडीएफशेजारी मूळ वर्ड फाइल ठेवायला काय हरकत आहे? सही-शिक्क्यासाठी कागद स्कॅन करावाच लागत असेल, तर स्कॅन ३०० डीपीआयचा असावा आणि त्यासोबत न स्कॅन केलेली फाइलही जोडावी. सरळ चित्र टाकले की वाचकाला अक्षर-ओळख चालवावी लागते, आणि ती हिंदीवर लावलेली असली की ळ आणि ऱ यांचे हाल होतात.

जुन्या फाँटांची कथा निराळी. क्रुती देवसारख्या फाँटमध्ये साठवलेली अक्षरे इंग्रजीच असतात, फक्त त्यांच्यावर मराठी मुखवटा चढवलेला असतो. 'महारा' हे त्या फाँटमध्ये आतून ई-जी-के-जे-के असते. स्क्रीन रीडर मुखवटा बघत नाही, तो 'ई जी के जे के' असेच काहीतरी पुटपुटतो. अशा फाइलवर भाषेचा टॅग लावून काही उपयोग नाही. ती आधी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणावी लागते. कन्व्हर्टर चालवल्यावर रफार, अर्धा र आणि जोडाक्षरे नजरेखालून घालावीत, चुका तिथेच साचतात.

युनिकोडमध्येही दोन खड्डे आहेत. 'ऱ्य' दोन प्रकारे लिहिला जातो. एक, सरळ ऱ (यू+०९३१), हलन्त आणि य. दुसरा, साधा र, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह आणि य. दिसायला दोन्ही सारखेच. पण काही ऑनलाइन फॉर्म आणि डेटाबेस अदृश्य चिन्हे 'साफ' करतात. तेवढे एक चिन्ह गळले की आचाऱ्यांचे आचार्य होतात आणि दऱ्यांचा दर्या. म्हणून पहिली पद्धतच वापरावी. इनस्क्रिप्ट या प्रमाण देवनागरी कळफलकावर ऱ शिफ्ट + जे वर आहे (आणि ळ शिफ्ट + एन वर). दुसरा खड्डा 'ॲ' चा. हे स्वतंत्र अक्षर यू+०९७२ वर आहे, पण अनेक जण अ वर चंद्र देऊन तेच चित्र उभे करतात. एका पद्धतीने लिहिलेले 'ॲप' दुसऱ्या पद्धतीने शोधले तर मिळत नाही. कार्यालयाने एक पद्धत ठरवून दिली की भांडण मिटले.

आता आवाजांकडे. विंडोजसोबत हिंदीचे हेमंत आणि कल्पना बरीच वर्षे येत आहेत. मराठीसाठी एज ब्राउझरमध्ये 'रीड अलाउड' (कंट्रोल + शिफ्ट + यू) चालू केले की आरोही आणि मनोहर हे दोन आवाज मिळतात. ते कानाला गोड आहेत, पण त्यांना इंटरनेट लागते. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर ई-स्पीक हे वाचन-इंजिन घेऊनच येतो, त्यात मराठी आहे आणि ते इंटरनेटशिवाय चालते. त्याचा आवाज यंत्रासारखा आहे हे खरे. तरीही रोज काम करणारे तोच पसंत करतात, कारण कळ दाबताक्षणी तो बोलतो आणि वेग दुप्पट-तिप्पट केला तरी शब्द तुटत नाहीत. दीर्घ अहवाल ऐकायला नैसर्गिक आवाज, तक्ता भरायला ई-स्पीक, अशी वाटणी बरी पडते. एनव्हीडीएच्या 'स्पीच' सेटिंगमध्ये आपोआप भाषा बदलण्याची एक चौकट आहे. ती भरलेली असेल आणि फाइलमध्ये टॅग असतील, तर मराठी परिच्छेद मराठीत आणि इंग्रजी परिच्छेद इंग्रजीत वाचला जातो. टॅग नसतील तर ही सोय असून नसल्यासारखी.

मराठी आवाज विकत घेताना किंवा निविदा काढताना नमुन्याची सफाईदार ध्वनिफीत ऐकून भुलू नये. आपला मजकूर द्यावा आणि समोर बसून ऐकावे. आम्ही हा देतो:

"चार गाईंना चारा घातला. आचाऱ्यांनी आचार्यांना चहा दिला. माझा चमचा, माझे चमचे. जग बदलायचे तर आधी नीट जग. ता. ५ रोजी ता. भुसावळ, जि. जळगाव येथे ७/१२ साठी रु. १,२५,००० भरले."

यात काय ऐकायचे? 'चार' मधला च तालव्य (जीभ टाळूला लागते), 'चारा' मधला दंत्य (जीभ दातांमागे, 'त्स' सारखा). 'चहा' मधलाही दंत्य. 'माझा' मध्ये झ दंत्य, 'माझे' मध्ये तालव्य, आणि 'चमचा-चमचे' मध्ये तसेच. मराठीत इ, ई, ए, य पुढे आले की च, ज, झ तालव्य होतात. हिंदीवर घडवलेल्या आवाजाला ही जोडी ठाऊकच नसते. 'जग' हा शब्द दोनदा आहे. दुनियेचा ज तालव्य, जगण्याचा दंत्य, आणि लिपी दोन्हींना एकच. इथे चांगली इंजिनेही घसरतात, त्यामुळे एवढ्यावरून कुणाला नापास करू नये. 'ता.' पहिल्यांदा तारीख आहे, दुसऱ्यांदा तालुका. पूर्णविराम दिसला की वाक्य संपले असे धरून थांबणारा आवाज या एका ओळीत चार वेळा अडकेल. ७/१२ ला 'सातबारा' म्हणायला हवे. 'सात डिसेंबर' किंवा 'सात भागिले बारा' म्हटले तर महसूल खात्यात त्याचा काय उपयोग? रक्कम 'एक लाख पंचवीस हजार रुपये' अशी यावी, स्वल्पविरामापाशी तुटून तुकड्यांत नव्हे.

संक्षेपांचा दोष मात्र सगळा यंत्रावर ढकलता येत नाही. 'मा. आमदार' म्हणजे माननीय की माजी, हे निमंत्रणपत्रिका वाचणाऱ्या माणसालाही कळत नाही. जो कागद लोक ऐकणार आहेत त्यात तालुका, जिल्हा, दिनांक, क्रमांक हे शब्द पूर्ण लिहावेत.

बोलून लिहिण्याकडे वळतो. विंडोज ११ मध्ये विंडोज + एच दाबले की व्हॉइस टायपिंग सुरू होते. ते कोणत्या भाषेत ऐकणार हे त्या क्षणीच्या कळफलकावर ठरते, म्हणून आधी विंडोज + स्पेसने मराठी कळफलक आणावा. इंग्रजी कळफलक ठेवून मराठी बोलणे ही सर्वांत जास्त होणारी चूक. गूगल डॉक्समध्ये 'टूल्स' मधले 'व्हॉइस टायपिंग' (कंट्रोल + शिफ्ट + एस) उघडून माइकच्या चित्रावरच्या यादीतून मराठी निवडावी. दुसऱ्या टॅबवर गेलात की तिथले ऐकणे थांबते, हे लक्षात ठेवावे.

एका दमात एकच भाषा. तीन भाषांचा अहवाल असेल तर मराठी मजकूर सलग सांगावा आणि इंग्रजी नाव, ई-मेल किंवा हिंदी अवतरण जिथे यायचे तिथे 'फुली फुली' म्हणून पुढे जावे. शेवटी 'फुली फुली' शोधत जाऊन, भाषा बदलून, त्या जागा भराव्यात. मध्येच भाषा बदलत बसण्यापेक्षा हे निम्म्या वेळात होते.

शब्द सुटे सुटे उच्चारू नयेत. इंजिन आजूबाजूच्या शब्दांवरून नेमका शब्द ठरवते; आठ-दहा शब्दांचे वाक्य सलग, नेहमीच्या वेगाने बोलले की 'पाणी' चे 'पानी' होत नाही. गूगल डॉक्समध्ये विरामचिन्हांच्या तोंडी आज्ञा मोजक्याच भाषांसाठी आहेत, मराठी त्यांत नाही. 'पूर्णविराम' म्हटले की तो शब्दच लिहिला जातो. त्याचा फायदा घ्यावा. बेलाशक 'पूर्णविराम', 'स्वल्पविराम', 'नवा परिच्छेद' म्हणत जावे आणि मजकूर वर्डमध्ये नेऊन कंट्रोल + एचने बदलून टाकावे. शोधताना शब्दाआधीची मोकळी जागाही धरावी, म्हणजे टिंब शब्दाला चिकटून बसते. 'नवा परिच्छेद' च्या जागी टोपीचे चिन्ह आणि पी (^ + पी) टाकले की परिच्छेद तुटतो. 'स्वल्प विराम' असे फोडूनही लिहिले जाते, तेव्हा बदल दोनदा चालवावा.

'केलं' म्हणायचे की 'केले' हे आधी ठरवावे. 'असं', 'तसं', 'केलं' बोलले की शेवटचा अनुस्वार कधी टिकतो, कधी गळतो. कार्यालयीन पत्रात 'केले', 'असे' च हवे असते, तर तोंडानेही तेच म्हणावे. आकड्यांत 'त्रेपन्न' आणि 'त्रेसष्ट' यांची गफलत होते. गट क्रमांक, खाते क्रमांक एकेक अंक सुटा सांगावा आणि डोळ्यांनी किंवा ब्रेलवर पुन्हा तपासावा.

यंत्रातही थोडे लक्ष घालावे लागते. लॅपटॉपचा माइक पंख्याखाली निरुपयोगी ठरतो. वायरचा हेडसेट, माइक ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटांवर, श्वासाच्या वाटेत नाही, एवढ्याने निम्म्या चुका जातात. ब्लूटूथ हेडसेटचा माइक चालू झाला की जुन्या जोडण्या ८ किलोहर्ट्‌झवर उतरतात आणि स, श, च यांतला फरक त्यातच हरवतो. बोलणे रेकॉर्ड करून नंतर उतरवायचे असेल तर १६ किलोहर्ट्‌झ, १६ बिट, मोनो पुरे. तासाला सुमारे ११५ एमबी होतात.

सांगून लिहिलेला मजकूर परत ऐकून तपासणे चांगले. गळलेला शब्द, दोनदा आलेले क्रियापद कानाला लगेच खटकते. पण ऱ्हस्व-दीर्घाची चूक कानाला सापडत नाही. आपण बोलताना ती नीट ऐकू येत नाही, यंत्र वाचतानाही येत नाही. चूक दोन्ही टोकांना लपते. त्यासाठी मराठी शब्दकोश बसवलेला शुद्धलेखन-तपासक लागतोच, आणि तो चालण्यासाठीही फाइलची भाषा मराठीच असावी लागते.

एक सावधगिरीची गोष्ट. विंडोज आणि गूगल डॉक्स या वरच्या दोन्ही सोयींत आपला आवाज इंटरनेटवरून दुसऱ्याच्या सर्व्हरवर जातो. चौकशी अहवाल, वैद्यकीय प्रमाणपत्रे, जबाब असे काही त्यावर सांगू नये. अशा कामाला संगणकावरच चालणारे इंजिन हवे. व्हिस्पर हे त्यातले माहितीतले, सप्टेंबर २०२२ पासून उपलब्ध. त्याचे लहान मॉडेल मराठीला पुरत नाही; मोठे सुमारे ३ जीबीचे आहे आणि त्याला बऱ्यापैकी ताकदीचा संगणक लागतो. भाषा स्वतः 'मराठी' अशी नेमून द्यावी, अंदाजावर सोडली तर तिथेही हिंदी घुसते. ते ध्वनी ३० सेकंदांच्या तुकड्यांत ऐकते आणि लांब शांततेत न बोललेली वाक्ये स्वतःच रचते, म्हणून रेकॉर्डिंगमधल्या रिकाम्या जागा आधी कापाव्यात.

आपल्याकडे मागणे मोजके आहे. कार्यालयीन टेम्प्लेटची भाषा मराठी करून ते सर्वांना पाठवावे. पीडीएफ संकेतस्थळावर चढवण्याआधी दोन ओळी नोटपॅडमध्ये चिकटवून बघण्याची सक्ती करावी. याला अर्धा मिनिट लागतो. मराठी आवाज आणि श्रुतलेखनाच्या निविदांत वरच्यासारखा चाचणी-उतारा घालावा आणि ती चाचणी रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांकडून करून घ्यावी. ऱ्य आणि ॲ यांचे एकच लेखन ठरवून त्याचे परिपत्रक काढावे, आणि ते परिपत्रक स्कॅन करून टाकू नये.

हे पत्र युनिकोडमध्ये, भाषा मराठी नोंदवून पाठवत आहोत. आपल्या टेबलावरच्या संगणकाला ते वाचायला सांगा. 'आचाऱ्यांनी आचार्यांना' मधले दोन्ही शब्द सारखेच ऐकू आले, तर आधी आवाज कोणत्या भाषेचा लावला आहे ते बघा.

कळावे,
संगणकाला बोलून लिहिणारे आणि ऐकून वाचणारे काही मराठी वापरकर्ते